तारसप्तकातला धैवत

जनकगंजात रात्रीचे साडेदहा.
शटर अर्धं खाली, पायाशी शेगडी,
आणि ज्या टेबलावर एरवी एखादी पेटी पोट उघडून पडलेली असते
तिथं भाचीनं टाकून दिलेला डेस्कटॉप
घरघरतोय, थंडीनं घसा धरल्यासारखा.

सप्टेंबरात डॉक्टर म्हणाले,
वरचं ऐकू येणं कमी होत जाईल, वय आहे.
मी मान डोलावली. घरी बोललो नाही.
मग चांदोरकरांची सून पेटी परत घेऊन आली:
"दिघेकाका, तारसप्तकातला धैवत टोचतो."
मला टोचत नव्हता.
ते टोचलं.

म्हणून हे.
सूर मोजणारा प्रोग्राम फुकट मिळतो,
पण तो ज्या लायब्ररीच्या खांद्यावर उभा आहे
ती एवढ्या जुन्या यंत्रासाठी तयार नाही.
"पीठ नाही मिळत मामा, गहू मिळतात,"
मृण्मयी भोपाळहून फोनवर, "दळून घ्या."

गहू उतरले. चारशे अकरा फाइली,
प्रत्येकीच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव.
एक फिनलंडचा, दोघं ब्राझीलचे,
एक कुणी नुसताच 'जे'.
सगळं उघडं. कुणीही वाचा, कुणीही दळा.
माझ्या वस्तादांनी अडीच वर्षं झाडू मारून घेतला
आणि मग एका दुपारी दाखवलं:
रीड टोकाशी घासली की सूर चढतो,
बुडाशी घासली की उतरतो.
एवढंच होतं.

आधी चौकशी.
कंपायलर आहे? आहे.
गणिताची लायब्ररी? आहे.
साउंड कार्डाची हेडर फाइल?
नाही.
आणि तिथंच बसकण मारली,
खिडकीतल्या बाबूसारखी: पहले वो कागज़ लाइए.
तो कागद आणला, त्याला आणखी एक हवा होता,
त्या एकाला त्याचीच जुनी आवृत्ती चालत नव्हती.
शेगडी दोनदा विझली.
पावणेबाराला पहिल्यांदा ओळी धावल्या.

चार टक्के. अकरा.
मधेच पिवळ्या अक्षरात तक्रार:
हा व्हेरिएबल घोषित केलाय, वापरला नाही.
मृण्मयी म्हणते, पिवळ्याकडे बघायचं नाही, लाल आलं तरच घाबरा.
माझ्या खणात पॅरिसच्या रीडांचा एक पुडा आहे,
वस्तादांनी दिलेला. घोषित. वापरला नाही.

बासष्ट टक्क्यांवर वीज गेली.

अख्खं लश्कर काळं झालं, वर किल्ला त्याहून काळा.
अंधारात यंत्राच्या पेटीवर हात ठेवला, अजून कोमट होती.
वाटलं, गेलं, परत पहिल्यापासून दळण.
चाळीस मिनिटांनी दिवे आले, तोच हुकूम पुन्हा दिला
आणि ते बासष्टच्या पुढेच निघालं.
झालेलं झालेलंच राहतं
हे मला कुणी असं दाखवलं नव्हतं.

शंभर.
प्रोग्राम उघडला तर म्हणतो, लायब्ररी सापडत नाही.
अरे, तुझ्या घरातच बसलीय!
मृण्मयी झोपेत हसली, म्हणाली, ओळख करून द्यावी लागते.
एक ओळ टंकली. झाली ओळख.

माइक पेटीजवळ. भाता.
मध्यसप्तकातला षड्ज: सुई मधोमध, जराही हलली नाही.
हा माझ्या कानानं लावलेला. बरं वाटलं.
मग वरचा धैवत.
सुई उजवीकडे गेली आणि तिथंच थरथरत राहिली,
नऊ सेंट चढा.
ती खरंच बोलत होती, चांदोरकरांची सून.

रीड काढली, कानस बुडाशी धरली,
दोन हलके हात, फुंकर, परत बसवली.
पाच. पुन्हा. दोन. पुन्हा.
शून्य.
मला आधीचा आणि आताचा एकच ऐकू आला.

पहाटे बिल केलं.
माझ्या बिलावर चाळीस वर्षं छापलेलं आहे,
'सूर कानाने जुळवून मिळतील'.
ते खोडलं नाही.
खाली 'जे'चं नाव लिहावं असं मात्र वाटलं,
पण पुरं नाव ठाऊक नाही.